ळचा खिळा

पहाटे शास्त्र उघडलं
आणि त्या बाईपाशी थांबले,
जिचं दहातलं एक नाणं हरवलं होतं.
दिवा लावून घर झाडणारी ती.
चाळीस वर्षं ओळखते तिला,
पण तिच्या घरची जमीन सारवलेली होती की फरशीची
हे कधी मनात आलं नाही.

आज आलं. कारण काल तिन्हीसांजेला
आमच्या गल्लीत इरव्वाची मोरणी पडली.

वडगावात, मग्गांच्या खटखटीत
मोरणी पडल्याचा आवाज कुणाला येणार?
"नुसता नाकाला वारा लागला बघ," म्हणाली.

मग सगळेच वाकलो.
कासीमसाब गिरणी बंद करून आला,
भुवयांवर पीठ तसंच.
चौगुल्यांची विमलप्रभा, दिवस बुडाल्यावर पाणीही न पिणारी,
मोबाईलचा उजेड धरून गटारीच्या कडेला बसली,
मुंगी सापडू नये म्हणून आधी हळूच फुंकर घालत.
माझा भाऊ शांतवन गुडघे धरून ओरडत होता,
"आधी प्रार्थना करा!"
मी म्हटलं, आधी केरसुणी आण.

सायकलची किल्ली सापडली. निळी गोटी.
जरीचा गुंता, चिमणीच्या घरट्याएवढा.
आणि जिथं पूर्वी आमचा छापखाना होता
(आता तिथं मोबाईल दुरुस्त होतात)
त्या पायरीखाली, ओल्या मातीत,
शिशाचा एक खिळा.

बोटांनी आधी ओळखला, डोळ्यांनी मागून.
ळ. उलटा. बारा पॉइंट.

अक्षरांना आम्ही खिळेच म्हणायचो.
प्रेसमध्ये लागले त्या वर्षी, शुभ शुक्रवारी देवळात बसून
मला भलताच प्रश्न पडला होता:
त्याच्या हातात ठोकले ते कुठल्या अक्षराचे?
कुणाला विचारलं नाही.

वडील सांगत, शास्त्रातला काना-मात्रा ढळायचा नाही.
मी तर रोज बघत होते,
फर्मा उचलताना काने निसटायचे,
मात्रा टेबलाखाली गडगडायच्या,
आणि संध्याकाळी चिमटा घेऊन
मीच त्यांना शोधत असायचे, दिवा लावून.
तेव्हा ती बाई का नाही आठवली?

डाव्या केसमध्ये मराठी, उजव्या केसमध्ये कानडी.
सकाळी एका बाजूचं पत्रक जुळवायचं, दुपारी दुसऱ्या.
दोन्हीकडे राग सारखाच, शाई एकाच डब्यातली.
बेळगावच्या पाट्या किती वेळा रंगवल्या, पुसल्या, पुन्हा रंगवल्या,
पण गावाच्या पोटातला ळ
कानडीतही ळच राहिला.
जीभ मागं वळवायची, टाळूला लावायची, सोडायची.
इरव्वा तशीच सोडते, मीही.

तेवढ्यात तीच किंचाळली, "सिक्तु! सिक्तु!"
मोरणी तिच्याच ओच्यात होती.
कासीमसाब हसता हसता पायरीवर बसला.
तिनं रात्रीच नातवाला पाठवून कुंदा आणवला,
घरोघरी द्रोण. विमलप्रभाचा झाकून ठेवला, सकाळसाठी.
हिशेब केला तर निम्मी मोरणी त्यातच गेली असेल.
त्या बाईनंही शेजारणी बोलावल्या म्हणे,
काय वाढलं असेल?
शास्त्र तिथं गप्प आहे.
मला आता त्या गप्प जागाच जास्त वाचाव्या वाटतात.

झाडताना तिला अजून काय काय मिळालं असेल,
जे ती शोधतच नव्हती?

पान तसंच उघडं आहे. शाई नाही, कागद नाही.
खिळा तळहातावर ठेवला
आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबला, चांगला जोर लावून.
उचलला तर ळ. सुलटा, लाल.
बघता बघता कातडी भरून आली.

उठायला हवं.
कासीमसाबकडं दळण राहिलंय.