बरहुकूम

आमचे राजे नऊ वर्षांचे.
सही करताना जीभ बाहेर यायची,
आणि ‘राजे’मधला ‘जे’ कागदाबाहेर जायचा.
सबब कारभार आत्यासाहेबांकडे, शिक्काही त्यांच्याकडे,
शिक्क्याच्या पेटीची किल्ली
पानाच्या चंचीत, सुपारीखाली.

मी दप्तरदार. आवक-जावक माझी.
एकवीस गावं, त्यांतली नऊ नुसती नावाला,
आणि राजांची थोरली बहीण, मैनाराजे, उपवर,
जिची फाइल, खोटं कशाला बोलू,
पाणीपट्टीच्या फाइलीहून जाड.

गड्ड्याची जत्रा आली की
आसपासचं सगळं खानदान सोलापुरात उतरायचं,
वरवर दर्शनासाठी, आतून वरासाठी.
रेल्वे लाइन्सला तीन आठवडे बंगला,
अत्तरदाण्या घासून लख्ख,
आणि आत्यासाहेबांचा चहा.

पहिले आले ते ब्युइकमधून. गाडी देखणी होती.
त्यांच्याबद्दल दप्तरात एवढंच आहे.
दुसऱ्यांनी सतरा वाघ मारलेले,
अठरावा बोलता बोलता मारला, पडद्यापलीकडे ऐकू जाईल असा.
तिसरे विलायतेहून शिकून आलेले,
शेंगाच्या पोळीला सुरी लावली,
पोळी फुटली, गूळ बाहीवर.
पडदा हसला.
मी शेरा मारला : नामंजूर होण्याचा संभव.

चौथे आलेच नाहीत. त्यांना बोलावलंच नव्हतं.
उदाजीराव इनामदार, विहिरी तीन, पैकी दोन कोरड्या.
कंबर तलावाच्या काठी मोटारसायकल उघडून बसले होते.
बाळराजांनी टांगा थांबवला :
‘आतून कशी असते हो ती?’
‘या की, दाखवतो.’
तासाभरात जरीचा अंगरखा ग्रीसने काळा.
मैनाराजे टांग्यातून उतरल्या त्या रागवायला,
आणि पाना धरून उभ्या राहिल्या.
टांगेवाला बसप्पा माझ्या कानाशी :
‘दप्तरदार, ह्यो कागद आत्ताच लिवून ठिवा की ओ.’

मग भोगी. संमती कट्ट्यावर देवाचं लग्न.
पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र, वर नंदीध्वज डुलतायत,
आणि अक्षता उडाल्या.
देवावर किती पडल्या, देव जाणे.
सात-आठ दाणे उदाजीरावांच्या केसांत.
(ते नेमके आमच्याच मागे कसे उभे, याची नोंद नाही.)
‘हे माझ्यासाठी नव्हते,’ ते म्हणाले.
‘मग परत करा,’ मैनाराजे म्हणाल्या,
आणि तळहात पुढे केला.
त्यांनी एकेक दाणा शोधून परत केला.
फार वेळ लागला.
सात-आठच होते.

त्या रात्री राजांनी पहिला हुकूम काढला,
शेंगाचटणीच्या पुडीच्या कागदावर :
‘ताईचं लग्न मोटारसायकलवाल्यांशी.
ते मला चालवायला शिकवणार आहेत.’
खाली राजे. ‘जे’ पाटावर.

आत्यासाहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
‘अज्ञान राजाचा हुकूम कायद्याने पोकळ.’
होय, मी म्हणालो.
‘विहिरी तीन?’
दोन कोरड्या.
‘तिसरीचं पाणी?’
गोड आहे म्हणतात.
त्या बराच वेळ सुपारी कातरत बसल्या.
गिरणीचा रात्रपाळीचा भोंगा झाला,
तोवर ताटलीत चार माणसांची सुपारी.
मग चंची उघडली. किल्ली. शिक्का.
तेलकट कागदावर शाई धरेना,
फुंकर घातली, पुन्हा दाबला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
‘ब्युइकवाल्यांना नकार सविनय कळवा.
वाघवाल्यांना नुसता कळवा.’

आता संस्थान नाही. गावं विलीन झाली,
शिक्का कुठल्याशा कपाटात.
दप्तर मात्र माझ्याच माळ्यावर,
आणि दर उन्हाळ्यात
एकवीस गावांच्या त्या सगळ्या कागदांतून
मुंग्या नेमक्या एकाच पानाला लागतात.
मी झटकतो.
फार जोरात नाही.