बुद्धिबळ क्लब, दर मंगळवारी

फलकावर आमचं नाव बुद्धिबळ क्लब.
खोली बँडची. ट्युबांच्या काळ्या पेट्यांमागे
चार जणं, एक पट,
त्यात पांढरा वजीर नाही. त्याच्या जागी
ओडालिसच्या लिपस्टिकचं टोपण.

टोबिन पहिल्या दिवशी म्हणाला, क्वीन हरवलीय.
मी म्हटलं, आमच्यात तिला वजीर म्हणतात.
मिशीवाला. राजाचा कारभारी.
तो बराच वेळ टोपणाकडे बघत राहिला.
आणि चाल?
चाल तीच. आडवी, उभी, तिरकी, हवी तितकी.
मग आम्ही चौघंही हसलो, मोठ्याने,
आणि मेरिटने उठून दार लावलं.

नेब्रास्कातलं गाव. धान्याचं एक उंच कोठार, सात चर्च,
रविवारी दुपारपर्यंत सगळ्यांचं सगळ्यांना कळतं.
टोबिनच्या बापाची सहाशे गुरं.
टोबिनला एक मुलगा आवडतो, हे फक्त
ट्युबाला माहीत, आणि आम्हाला.

इंग्रजीत लपणं सोपं.
'आय' म्हणजे नुसता खांब,
त्याच्याआड कुणीही उभं राहावं.
मराठीत पहिलंच क्रियापद मानगूट धरतं:
येते, की येतो?
म्हणून घरी माझी वाक्यं अर्धी.
भूक लागलीय. उशीर होईल. झोप येतेय.
आई गडहिंग्लजची. ती स्वतः खुशाल म्हणते,
"चल, मी येतो ड्युटीवरनं."
तिकडच्या बायका तशाच बोलतात.
तिला कुणी काही विचारत नाही.

फेब्रुवारीत शाळेच्या बोर्डाची सभा.
कुणीतरी दार उघडून बघितलं होतं.
विषय नववा: आमची खोली.
आठवा होता जिमच्या छपराची गळती, त्यावर एक तास.
माणशी तीन मिनिटं, समोर लाल आकड्यांचं घड्याळ.
नाव पुकारलं, शार्वेरी,
आडनाव त्यांनी सोडूनच दिलं.

मी उभा राहिलो.
मनात, मराठीत, हेच शब्द: उभा राहिलो.
लिहून आणलेला कागद खिशातच राहिला.
म्हटलं, आमच्या पटावर एक मोहरं कमी आहे.
दोन वर्षं टोपणाने खेळतोय,
खेळ काही अडलेला नाही.
खोलीचं एवढं नाही हो,
दार लावावं लागू नये, इतकंच.
मध्येच आवाज फाटला. फाटका तसाच पुढे नेला.
एक्केचाळीस सेकंद उरले, ते परत दिले.

टाळ्या? ओडालिसच्या. मग त्या बाईंच्या,
ज्या जेवणाच्या खिडकीवर उकडलेला मका वाढतात.
टोबिनचा बाप टोपी फिरवत होता हातातल्या हातात.
निर्णय पुढच्या महिन्यावर.

बाहेर गाडीची काच गोठलेली. आई ती खरवडत होती
विम्याच्या कार्डाने, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतच.
मागल्या रांगेत कधी येऊन बसली, कळलंच नव्हतं.
बराच वेळ खरवडलं तिने.
मग काचेकडे बघत म्हणाली,
"बोललास की."

ती गावची बोली होती, की आणखी काही,
मी विचारलं नाही.
"हीटर लावतो," म्हटलं.