चौदा मिनिटं

कॉर्बीत सहाची पाळी.
बस फाटकाशी कधी पाच पंचावन्नला,
कधी सहा वाजून एकला.
एक मिनिट उशीर, पगारातून पंधरा कापतात.

उरलेली चौदा मिनिटं मी
काकडीच्या चकत्या ब्रेडवर लावतच असते,
बोटं हातमोज्यात बधिर.
ती जातात कुठे?

केरनला विचारलं. मॅनेजर, वय सव्वीस,
दोन वर्षं झाली, वृंदाची ब्रेंडाच करतो.
म्हणाला, ते सिस्टिम करते.

डोरीनला इथे एकोणीस वर्षं झाली.
यंदा वाढ तासाला अकरा पेन्स,
आणि कँटीनच्या भिंतीवर नवा फलक:
आपण एक कुटुंब आहोत.
"कुटुंबात निदान भांडता तरी येतं," ती म्हणाली,
आणि बिनसाखरेचा चहा ढवळत राहिली.

आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची,
तशी मी पगाराच्या चिठ्ठीमागे
मार्चपासून रेघा ओढल्यात.
पाच तास आठ मिनिटं.

आज बस पुन्हा उशिरा.
पट्ट्यासमोर उभी राहिले, हात मागे.
ब्रेड माझ्यासमोरून उघडेच पुढे गेले,
एक, सात, चाळीस.

केरन धावत आला. काय झालं? बरं नाही का?
मी घड्याळ दाखवलं.
अजून नऊ मिनिटं
मी आलेलेच नाही.