केसभर जागा

सातेरी हलगेकरनं मोठा टर्बो बसवला
आणि गाडी वाघ झाली, असं त्यानंच गावभर सांगितलं.
वास्कोहून खत भरून परतताना
चोर्ल्याच्या चढाला पुढचे ट्रक एकेक मागं टाकायचा,
कणकुंबीत चहा पीत मला फोन :
"थर्डवर चढली की रे, थर्डवर!"

पंधरवड्यात क्लच प्लेट गेली.
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी करपलेली,
वास दोन दिवस शेडमध्ये.
जाड प्लेट घातली.
मग जांबोटीच्या पुढं क्रॉस तुटला,
शाफ्ट डांबरावर आपटत, ठिणग्या उडवत गेला.
क्रॉस दणकट घातला.
मग क्राउनचे दात.
हाउसिंग उघडलं, तर तळाच्या काळ्या तेलात तीन,
घासात खडा लागावा तसे बोटांना लागले.

जिथं बळ दिलं, तिथून दुखणं एक घर पुढं सरकलं.

मौलालीचाचा स्टुलावर बसून बघत होते.
"एकट्याला पैलवान केलास,
आता शेजारपाजार मरणारच की."
मग पान थुंकून, कन्नडमध्ये, स्वतःशीच काहीतरी.

क्राउन-पिनियनची जोडी हुबळीहून आली,
बेअरिंगं कोल्हापूरहून, रात्रीच्या एसटीनं, ड्रायव्हरच्या सीटखाली.
शिमा आमच्याच उद्यमबागेत ग्राइंड केल्या.
हाउसिंगनं कुणालाच गाव विचारलं नाही.

शेंदूर आणायला गेलो मारुतीच्या देवळाबाहेर.
दुकानदार म्हणाला, "आज शनिवार कुठाय?"
म्हटलं, आमचा देव बुधवारचा, चारशे किलोचा.
तेलात कालवून ब्रशनं दातांना फासला,
पिनियन हातानं फिरवला,
टॉर्च धरून बघितलं, कुठं पुसला गेलाय.
जवळजवळ मधोमध.
जरासा मुळाकडं, असेल,
रात्रीचे अकरा वाजले होते, मी नसेल म्हटलं.

ठासून बसवलेले दात तापतात.
ढिले बसवलेले ओरडतात.
मधी केसभर जागा लागते, चाचा म्हणायचे,
त्या जागेत तेल राहतं.
डायलचा काटा मी पंचविसावर आणला,
नट लॉक केले, कोपरापर्यंत हात पुसले.

मागची चाकं जॅकवर. इंजिन चालू. फोर्थ.
"ऐका चाचा," म्हटलं, "घाणा बंद झाला का नाही?"
ते काही बोलले नाहीत.
फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर उचलला,
टोक हाउसिंगला टेकवलं,
आणि मूठ
कानाला लावली नाही,
दातांत धरली.

डोळे मिटून, जबडा आवळून,
चाळीस वर्षांचा माणूस लोखंड चावत उभा.
म्हणजे उस्ताद म्हणून चाळीस. वय सत्तरीचं.
तेव्हा कळलं,
गेली तीन-चार वर्षं मी मागून हाका मारतोय
आणि ते हसून मान हलवतायत ते का.
परवा पाना पडला तेव्हा मी दिलेली शिवी,
ती पण हसून.

स्क्रूड्रायव्हर काढला, लाळ पुसली बाहीला.
"एक शिम काढ. पातळ वाली. मुळाशी चावतंय."

सगळं परत उघडलं. पहाटे तीन.
काढली.
पुन्हा शेंदूर. पुन्हा टॉर्च.
दाताच्या ऐन पोटावर खूण,
कुणी अंगठा टेकवून सही केल्यासारखी.

परवा कणकुंबीहून फोन आला.
चहा ओतल्याचा आवाज, मागं घाटातले हॉर्न.
सातेरी म्हणतो, "काय केलायस रे,
चढाला आवाजच येत नाही!"
चाचांनी भुवया उडवल्या : काय म्हणतोय?

मी स्टुलासमोर जाऊन उकिडवा बसलो,
तोंड उजेडाकडं धरलं,
आणि सावकाश, ओठ नीट उघडत सांगितलं :
आवाज. येत. नाही. म्हणतोय.

चाचा एवढे हसले
की पान शर्टावर सांडलं.