हमी नाही

प्रोग्राम लिहिला तेव्हा मी तो आठ गाड्यांवर तपासला.
आठच, त्याही कागदावरच्या.
रुग्णवाहिका आधी, मग पावाचा ट्रक,
मग मुहू बेटावर राहणारे, मग पाहुणे,
आणि एकाच वर्गातले जे असतील
ते जसे आले तसे.

हे शेवटचं मी कुठे लिहिलंच नव्हतं.
ते आपोआप होत होतं,
आणि आपोआप होतं ते कोण लिहून ठेवतं?

तेवीस जूनला अख्खं एस्टोनिया
शेकोट्या पेटवायला बेटांकडे निघालं.
धक्क्यावर त्रेचाळीस गाड्या.
रात्रीचे दहा वाजत आले तरी ऊन
गाड्यांच्या टपांवर बसलेलं.
खांबावरचा पडदा नंबर दाखवू लागला
आणि माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

तिथे कुणी ओरडत नाही.
साल्मे कास्क गाडीतून उतरली.
मागे मधमाश्यांच्या चार पेट्या,
वर ओली चादर.
केबिनच्या काचेवर तिने एक बोट वाजवलं, म्हणाली,
"मी लाल ट्रेलरच्या मागे होते.
लाल ट्रेलर गेला."
आणि उभी राहिली.

रात्रभर कोड चाळला.
चूक सापडेना, कारण चूक नव्हती.
भाषेच्या पुस्तिकेत, क्रमवारीच्या पानावर, पार तळाशी होतं:
समान घटकांच्या आपसातल्या क्रमाची हमी नाही.

यादी लहान असली की ती
हातात पत्ते लावावेत तशी लावते, एकेक सरकवत,
कुणी आपल्यासारख्याला ओलांडत नाही.
सोळाच्या पुढे गेली की तिला घाई होते.
मधलाच एक उचलते,
बाकीच्यांची त्याच्या अलीकडे-पलीकडे फेकाफेक,
मग त्या ढिगांची पुन्हा तीच गत.
आधीचा कोण, नंतरचा कोण?
उडदामाजी काळेगोरे
काय निवडायचे, म्हणते ती.

उपाय एका शब्दाचा होता.
वर लिहायचं: स्थिर.
मग ती सारख्यांना हलवत नाही.
जागा थोडी जास्त घेते, वेळ थोडा जास्त.

"किती जास्त?" एंडेलने विचारलं.
फाटकावर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत.
पापणी लवते ना, मी म्हटलं, त्याच्या शंभराव्या भागाइतका.
तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.
"मग तो वाचवून
ठेवत कुठे होतीस?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.

त्याच्या टेबलाखाली एक पेटी आहे.
जुनिपरच्या लाकडाचे बिल्ले, तापल्या सळईने आकडे डागलेले.
पडदा यायच्या आधी
येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या हातात तो एक ठेवायचा.
आधी वर्ग बघायचा,
वर्ग सारखा निघाला तर बिल्ला.
पुस्तिकेत हाच दुसरा मार्ग म्हणून दिलाय:
प्रत्येकाला त्याचा आकडा चिकटवा,
म्हणजे सारखं कुणी उरतच नाही.
एंडेलने पुस्तिका वाचलेली नाही.

मी दोन्ही केलं. शब्दही लिहिला, आकडाही चिकटवला.
पुढच्या आवृत्तीत कोण काय बदलेल,
आपल्याला थोडंच विचारणार आहेत.

ऑगस्टमध्ये साल्मे पुन्हा रांगेत दिसली.
चारातली एक पेटी त्या रात्री गेली, म्हणाली.
वारा पश्चिमेचा आहे म्हणावं तसं.
मी माफी मागायला तोंड उघडलं
तेवढ्यात तिचा नंबर लागला, बरोबर लागला,
आणि ती निघाली.

बिल्ल्यांच्या पेटीत सतरा नाही.
कुठल्याशा हिवाळ्यात तो पाण्यात पडला.
एंडेलने दुसरा कोरला नाही.
सतरा खाली आहे, म्हणतो,
वर आणखी एक कसा असेल?
सोळा दिला की तो सरळ अठरा देतो,
आणि रांगेतलं कुणी
मागे वळूनसुद्धा बघत नाही.