कळकणं

भांडं ठोकून घ्यावं, अण्णा सांगत.
तांबट आळीत सकाळी हातोड्या एकदम सुरू व्हायच्या
आणि त्या गदारोळातही त्यांना ऐकू यायचं
कुठल्या घंगाळाला केसाएवढी चीर आहे.
बद्द वाजलं की बाजूला.
खणखणीत वाजलं की गिऱ्हाइकाला.

श्रीरंग खणखणीत वाजला.
पहिल्याच भेटीत आईच्या गुडघ्याची चौकशी केली,
डाव्या.
आम्हा घरच्यांना कुठला दुखतो ते आठवावं लागायचं.
नलूला म्हटलं, ऐकून घेणारा माणूस आहे गं.
ऐकत होताच तो.

अण्णा गेले तेव्हा रामकुंडावर
तो आमच्याहून जास्त रडला.
गुरुजी थांबले त्याच्यासाठी.
मग रिक्षात, पंचवटी कारंजा यायच्या आत,
कोरड्या, अगदी कोरड्या आवाजात:
"लॉकरची दुसरी किल्ली कुणाकडे असते?"
नळ बंद केल्यावरही दोन थेंब पडतात.
त्याचे तेही पडले नाहीत.
हे मी पाहिलं,
आणि दुःखात माणूस काहीही बोलतो
असं स्वतःला सांगून गप्प बसले.

नंतर खूप गोष्टी.
पतसंस्थेतली नलूची सही, नलूपेक्षा वळणदार.
एकनाथ, बावीस वर्षांचा आमचा कारागीर,
चोर ठरून पायरी उतरला
तेव्हा श्रीरंगच त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा.
पकडला गेला की माफी मागायचा, इतकी सुंदर
की शेवटी आम्हीच त्याला चहा करून द्यायचो,
आणि रात्री वाटत राहायचं, आपण फार लागट बोललो.

पण कळलं ते यातल्या कशाने नाही.
गंगापूर रोडला, वडनेऱ्यांकडे,
त्यांच्या मुलाच्या तेराव्याला
मी आत पेले भरत होते.
बाहेर श्रीरंग म्हणाला,
"मी अजून अण्णांचा चष्मा पुसलेला नाही, काकू.
त्यांच्या बोटांचे ठसे... जातील."

माझं वाक्य.
मधे माझा घसा अडकला होता,
ती जागासुद्धा त्याने तशीच ठेवली होती.
काकूंनी त्याचा हात धरला.
दाराच्या फटीतून त्याचे डोळे दिसले:
तराजूचा काटा बघतात तसे
काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या,
नाव आहे याला. पण माणूस समोर नसताना
मी ते चिकटवणार नाही, तुम्हीही नका चिकटवू.
पाहिलेलं तेवढं लिहा, तारखेसकट.
मी लिहिलं. दोन वह्या झाल्या.
सिन्नरला त्याच्या आईकडेही गेले.
ती म्हणाली, लहानपणी पडला तरी रडायचा नाही,
आधी आमच्या तोंडाकडे बघायचा.
आम्हाला वाटायचं, धीट आहे.
आणि तिने दार लावलं, हळूच,
झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावतात तसं.

अण्णांची परीक्षा चुकली नव्हती, अपुरी होती.
चीर नव्हतीच. आत कल्हई नव्हती.
असं पातेलं बाहेरून पिवळंधमक, नादाला चोख.
त्यात रात्रभर ताक ठेवून बघा.
सकाळी हिरवट. कळकलेलं.
ते जिभेला कळतं. कानाला नाही.
कळणं आणि कळकणं, मधे एक क,
आणि आमची अकरा वर्षं.

आता मी सगळ्यांनाच ठोकून बघते.
दुधाचा नवा मुलगा फार अदबीने बोलतो,
त्याची पावती दोनदा मोजते.
कुणाला "सॉरी" म्हटलं
की स्वतःचाच आवाज कान देऊन ऐकते.
हेही कळकणंच असावं.

नलू अधूनमधून विचारते,
"एकदा तरी खरं असेल ना गं?
माझ्या टायफॉइडमध्ये तो रात्रभर जागला होता."
जागला होता, मी म्हणते.
पुढचं ती विचारत नाही.

अण्णांचं एक पातेलं आहे, कल्हई उडालेलं.
कल्हईवाला आता या बाजूला फिरकत नाही.
पाण्याला चालतं, म्हणतात.
मी पाणीही ठेवत नाही त्यात.
मोडीतही दिलेलं नाही.