चौदा नंबरचा चंबू

मोरिओकात डिसेंबरात चार वाजताच दिवस आवरतो.
चिदा मिसाओ बुटांवरचं बर्फ झटकते, कोट बदलते
आणि काळ्या पडद्यामागच्या खोलीत शिरते.
तिथे दिवा लावायचा नाही.
चोवीस चंबू यंत्रावर गोल गोल डुलतात,
प्रत्येकात मुरासाकीच्या पेशी —
मूळ नाही, पान नाही, माती कधी पाहिलेली नाही —
भिजल्या साबुदाण्यासारख्या फिकट,
खाऊनपिऊन सुखी.

सुखी, हीच तर अडचण.
ओइकावासान म्हणाले, साखर वाढवा.
वाढवली. पेशी दुपटीनं फोफावल्या,
चंबूच्या गळ्यापर्यंत आल्या,
आणि रंगाच्या नावानं शंख.

रंग म्हणजेच औषध. जांभळट तांबडं,
भाजल्या कातडीवर लावायचं.
मिसाओचे वडील ओतारी, बिडाच्या किटल्या ओततात.
उजव्या मनगटावर तापल्या रसाचा एक थेंब
एकोणीस वर्षांपूर्वी पडला, अजून तिथेच आहे.
तेव्हा मलम मिळायचं. मूळ डोंगरावरून यायचं.
आता डोंगरावर सूचिपर्णी झाडांची सरकारी लागवड;
मुरासाकी शोधायला गेलेला माणूस
अळंब्या घेऊन परततो.

मग कपाटात विसरलेल्या त्या काचेच्या बशा.
त्याच पेशी, तेच क्षार, तीच साखर,
फक्त पाण्याऐवजी आगराचा थर —
आणि कडेकडेनं लाल,
जणू कुणी गुपचूप विडा खाल्लाय.
ओइकावासान म्हणाले, अपघात.
मिसाओ काही बोलली नाही.
आगर तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं:
समुद्रशेवाळ उकळायचं, गाळायचं, थंडीत गोठवायचं,
उन्हाळ्यात त्याच्या थरथरत्या चौकोनी वड्या.
(आमच्याकडे आगर म्हटलं की मिठाचं.
तेही समुद्राचंच.)

तिनं ते पुन्हा उकळलं, गाळलं,
घट्ट होतं ते टाकलं, पाणी ठेवलं,
आणि चौदा नंबरच्या चंबूत
दोन थेंब. चव बघत मीठ घालावं तसे.

डोंगरचा आवळा, सागराचं मीठ.
जिनं लाट पाहिली नाही त्या पेशीला
शेवाळाच्या तुटक्या साखळीत काय वाचता आलं?
कुणी आलंय? भिंत पडली? कुरतडलं?
कुरतडायला पान तरी कुठे आहे तिला!
तरी दचकली.
पाचव्या दिवशी काठाला गुलाबी.
नवव्या दिवशी पडद्याबाहेर आणून पाहिलं:
करवंद चिरडावं तसा रंग.

ओइकावासान म्हणाले, आधी वजन.
वजन झालं. वहीत आकडा चढला,
एवढासा, दशांशचिन्हाच्या पलीकडे दोन घरं.

पुढची खेप अख्खी फिकी निघाली.
रात्रपाळीचा कुणी टोपी शोधायला दिवा लावून
तसाच विसरून गेला होता.
मिसाओनं बटणावर काळी चिकटपट्टी लावली,
वर लिहिलं: इथे अंधार पिकतो. हात लावू नका.

घरी वडील नव्या किटलीला टिचकी मारून
आवाज ऐकत बसलेले.
"बोटाला काय लागलंय?"
तिनं बोट पुढे केलं. त्यांनी हुंगलं.
"ह्याला डुकराच्या चरबीचा वास नाही,"
ते म्हणाले, जरा नाराज.
मग बाही वर सारून, उगाच,
मनगट दिव्याखाली धरलं.